लाल फितीची निरगाठ

मी एक जुनी लाल फीत आहे. हो मित्रांनो, तीच ती! कुठलंही काम रखडलं की लोक ज्या ‘लालफिती’च्या नावानं बोटं मोडतात, ती मी.

मला विणलं ते कागद एकत्र राहावेत म्हणून. मग माझं नाव वाईट कसं झालं? मला भारी कुतूहल! कपाटातल्या शेजाऱ्यांना मी विचारत बसे. जुनं कापडी बासन म्हणालं, “अगं, माझ्यात मोलाची कागदपत्रं जपून ठेवत. आता नकोसं काम ‘बासनात गुंडाळतात’. आपलं नशीबच खोटं!” शिक्का मात्र फुशारला, “माझ्याशिवाय ‘शिक्कामोर्तब’ होतच नाही!”

माझं उत्तर मला एका सुतारामुळे मिळालं. त्याच्या लेकीला चालता येत नव्हतं. तिला उचलून तो रोज शाळेच्या अकरा पायऱ्या चढे. शाळेला रॅम्प बांधा, एवढाच त्याचा अर्ज. त्या फायलीला मी होते.

आमच्या कचेरीची रीत अशी, की काम चालू असेल तर सुरगाठ, संपलं की निरगाठ. नव्या कारकुनानं जेवायला जायच्या घाईत मला निरगाठ मारली. झालं! शिपायानं गाठ पाहिली आणि फाईल संपलेल्या कामांच्या कपाटात ठेवली.

सुतार दर सोमवारी येई. “साहेब, पोरगी वाढतेय. माझी पाठ आता साथ देत नाही हो!”

कारकून चालू फायली चाळून म्हणे, “वर गेली असेल. बघू.”

मला ओरडावंसं वाटे, पण फितीला कुठलं तोंड! एकदा सुतार संतापून म्हणाला, “लालफितीत अडकलं माझं काम!” तेव्हा कळलं, माझं नाव वाईट झालं ते असं. खरं सांगते, फार वाईट वाटलं.

दोन वर्षांनी कपाट आवरताना मोठ्या साहेबबाईंनी ती गाठ सोडवली. नखं दुखली त्यांची. अर्ज वाचून त्यांनी कारकुनाला हाक मारली. “अरे, हे काम झालंच नाही!”

रॅम्प महिन्याभरात झाला. काम झाल्याची सही करायला सुतार कचेरीत आला, सोबत चाकांच्या खुर्चीत लेक.

“फार उशीर झाला. माफ करा,” बाई म्हणाल्या.

“तिची शाळा मागच्याच महिन्यात संपली, बाई. असू दे. दुसऱ्या कुणा बापाची पाठ वाचेल.”

लेकीनं मला बोटावर गुंडाळून पाहिलं. “बाबा, हीच का ती लालफीत? एवढीशी?”

मित्रांनो, मला खुशाल नावं ठेवा. पण उद्या तुमच्या हाती फाईल आली, तर गाठ मारण्याआधी आतला अर्ज तेवढा वाचा. त्या अकरा पायऱ्या कुणीतरी रोज चढत असतं.