शिवाच्या मोटारीचा कौल

"डावा! काटा डावीकडे गेला!" शिवाच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, एकच गलका झाला आणि माझ्या जाईआतेने कपाळाला हात लावला.

देव खळ्यात नव्हता, मोटारीत होता. शिवाने मुंबईच्या शेठकडून आणलेली पन्नास वर्षांची जुनी मोटार. बॉनेटवर झेंडूचा हार, आरशाला लिंबू-मिरच्या, पुढे नारळांची रास. गाडी चुना मारलेल्या भिंतीकडे पाठ करून उभी केलेली आणि स्टिअरिंगमागे भगवी लुंगी नेसलेले धाकूमहाराज. हे महाराज पूर्वी हातखंब्याला पंक्चर काढायचे. साक्षात्कार झाल्यापासून टायर सोडून ते गावाची हवा काढू लागले होते.

आमच्याकडे देवाला कौल लावतात. मूर्तीवर फुलांचे कळे चिकटवायचे आणि प्रश्न विचारायचा. उजवा कळा पडला तर हो, डावा पडला तर नाही. शिवाच्या गाडीतला पेट्रोलचा काटा आपोआप इकडून तिकडे फिरतो, हे कळल्यावर गावाला दुसरं काय सुचणार? उजवीकडे राहिला तर हो, डावीकडे कलंडला तर नाही. आणि महाराज आयतेच हजर.

आतेच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मला ती आवाजावरून ओळखायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता थांबू नका. रत्नागिरीला ऑपरेशनची दोनदा तारीख घेतली, दोनदा मोटार नाही म्हणाली. तिसरी तारीख उद्याची होती आणि आता पुन्हा डावा!

"देवाची मर्जी नाय गो जाईबाय," महाराज काचेतून मान काढून म्हणाले. "कातर लावू नको डोळ्याला. माजा मंतरलेला पानी घाल सकाळ-संध्याकाळ. येताना एक कोंबडा तेवढा आण."

"व्हय म्हाराजा!" गर्दी ओरडली. माझं डोकं सणकलं. आते मात्र पदर सावरून गर्दीच्या कडेला जाऊन बसली. 

माझ्याबरोबर करुणाबाई आल्या होत्या. देवरुखला हायस्कुलात विज्ञान शिकवतात. त्यांनी मला थांबवलं. "दर्शन, भांडू नकोस. आधी बघू या." त्या गर्दीतून निघून घराच्या कडेला, भिंतीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. तिथून काटा दिसत नव्हता, म्हणून तिथे कुणीच नव्हतं.

दिवेलागणीची वेळ होती. पुढचा प्रश्न आला. "बा देवा म्हाराजा, रघूने म्हैस विकायची काय?" काटा डावीकडे. करुणाबाईंनी मला खुणेने बोलावलं. गाडीमागची पांढरी भिंत लाल झाली होती. मग भिकूच्या विहिरीचा प्रश्न आला. काटा जागेवर राहिला आणि भिंत पांढरीच. त्यानंतर कुणाच्या तरी मुंबईच्या नोकरीला नकार आला, तेव्हा भिंत पुन्हा लाल.

"ब्रेकचा दिवा!" मी पुटपुटलो.

"हळू," बाई हसल्या. त्या पुढे गेल्या आणि म्हणाल्या, "शिवा, टाकीत काठी घालून दाखव बघू."

शिवाने काठी घातली. काटा उजवीकडे असताना जेवढी ओली झाली, तेवढीच पुढच्या कौलाला काटा डावीकडे पडल्यावर पुन्हा घातली तेव्हाही झाली.

"म्हणजे पेट्रोल हललं नाही. काटाच खोटं सांगतोय."

महाराज भडकले. "बाय, देवाला काठीन मोजतंस?"

"देवाला नाही हो, टाकीला. तुम्ही जरा खाली उतरा. देव मोटारीत आहे ना? मग जाईआते बसतील आणि स्वतःच विचारतील."

आता गर्दीलाच मजा वाटू लागली. "उतरा म्हाराज, उतरा!" महाराज लुंगी सावरत उतरले. मी आतेला हाताला धरून आत बसवलं. बाईंनी तिचा पाय ब्रेकवर ठेवून दिला. "वाटेल तेव्हा दाबा, वाटेल तेव्हा सोडा."

आतेने घसा खाकरला. "बा देवा म्हाराजा, ह्यो धाकू खरा बोलताय काय?" आणि पाय दाबला.

"डावा!" सगळं खळं ओरडलं.

"आणि त्याला कोंबडा आवडताय काय?" पाय सुटला.

"उजवा! उजवा!" लोकांची हसून मुरकुंडी वळली. पोटभर हसले ते, महाराज सोडून.

करुणाबाईंनी डिकी उघडली, कोपऱ्यातला गंजलेला स्क्रू दाखवला आणि कानसेने घासून लख्ख केला. "टाकीत एक फुगा तरंगतो, तो काट्याला पेट्रोल किती ते कळवतो. त्याची परतीची वायर आणि ब्रेकच्या दिव्याची परतीची वायर, दोन्ही ह्याच स्क्रूवर येतात. खाऱ्या हवेने स्क्रू गंजला, वाट अरुंद झाली. ब्रेक दाबला की दिव्याची वीज त्या वाटेवर गर्दी करते, फुग्याची वीज अडते आणि काटा पडतो. हातखंब्याच्या नाक्यावर दोन लग्नांची वऱ्हाडं समोरासमोर आली की होतं तसं. आता दाबा, आते."

आतेने दाबला. सोडला. पुन्हा दाबला. काटा ढिम्म हलला नाही.

"शिवासोबत गाडीतून फिरताना ह्या धाकूने हे हेरलं असणार," रघू म्हणाला. "आणि मी म्हैस विकायचं रद्द करणार होतो!"

"देव रुसला तुमच्यावर," असं बडबडत महाराज नारळ गोळा करायला वाकले. शिवाने नारळ त्यांच्या हातून काढून घेतले आणि ज्याचे त्याला वाटून टाकले.

दुसऱ्या दिवशी त्याच मोटारीने आम्ही रत्नागिरीला गेलो. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली, आतेने माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाली, "दर्शन्या, टकला कधी रे झालास?" मला हसू आलं आणि रडूही आलं.

मंडळी, देवापुढे गाऱ्हाणं जरूर घाला, मन हलकं होतं. पण चमत्कार दिसला की पुढे रेटारेटी करण्याआधी मागे जाऊन बघा आणि विचारा, हे कशाने झालं? डोळा दुखला तर डोळ्याच्या डॉक्टरकडे जा. आते आता घरोघर हेच सांगते. परवा मोतीबिंदू झालेल्या शेजारच्या चिमाकडे तसल्याच मंतरलेल्या पाण्याची बाटली तिने पाहिली, उचलली आणि अळवाच्या मुळाशी ओतली. म्हणाली, "चिमे, लुगडा बदल. आजचीच तारीख घेतलीय मी तुजी."