सोनिकाची जन्मतारीख

नापासाच्या यादीत एकच नाव होतं, आणि ते लिहिताना नीला मॅडमचा हात जरासुद्धा अडखळला नाही. सोनिका झामसिंग पटले, वर्ग तिसरा. बाकीची पोरं कशीबशी का होईना काठाला लागली होती. ही मात्र दिवाळीआधी जिथं होती, एप्रिलातही तिथंच. हातच्याची वजाबाकी आली की पेन्सिल चावत बसायची. मॅडमनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? समजावून झालं, रागावून झालं, दारापाशी बसवून झालं, अंगठे धरायला लावून झाले. कुंपणाच्या बेशरमाच्या झुडपाच्या काड्या या एका पोरीपायी किती मोडल्या त्याची गणती नव्हती. एकदा संतापून मॅडम तिला "ढ गोळा" म्हणाल्या, आणि वर्गानं ते नाव वर्षभर चालवलं.

जांभूळटोला दवनीवाड्याहून दोन कोसावर. चार वर्गांची शाळा आणि दोन मास्तर. पहिली-तिसरी नीला रामटेके मॅडमकडे, दुसरी-चौथी हेडमास्तर केवलराम गुरुजींकडे. गुरुजींना रिटायर व्हायला दोन वर्षं उरली होती. भांडण नको, चौकशी नको, आणि दुपारी डोळा लागला तर कोणी उठवू नये, एवढंच त्यांचं मागणं. पोरांना ते मारत नसत. मारायला उठावं लागतं ना. ते म्हणाले, वर ढकलून द्या मॅडम, चौथीत मी पाहून घेईन. त्यांचं पाहून घेणं साऱ्या गावाला ठाऊक होतं. नीला काही ऐकेना. ज्याला येत नाही त्याला पुढं ढकलणं म्हणजे त्याचं वाटोळं करणं, असं तिचं म्हणणं, आणि त्यात काही खोटं नव्हतं. खोटं होतं ते दुसरीकडेच.

निकाल एक मेला. त्याआधी घरच्यांच्या कानावर घालावं म्हणून तिनं निरोप पाठवला, तर दुसऱ्याच दिवशी सोनिकाची आई मुन्नीबाई शाळेत हजर. डोक्यावर पदर, चपला बाहेर काढलेल्या, आणि आत या म्हटलं तरी दाराशीच उभी. पोरगी नापास झाली तर तिला घरीच ठेवायची, असं नवऱ्यानं सांगून टाकलं होतं. डोस्कंच नसंन तर शाळा कायले, असं त्याचं म्हणणं. नीला समजावू लागली, तसं नका करू, एक वर्ष पुन्हा तिसरीत बसू द्या. मुन्नीबाईनं मान हलवली. मग आत नजर टाकली, गुरुजी पेंगत होते, आणि हळूच बोलली.

"मॅडमजी, हे माह्यापायी झालं. नववा महिना लागला होता अन् मी धानाची रोवणी करून राहिली होती. सासू नाही म्हणे, मी ऐकलं नाही. बांधीतच पोट दुखाले लागलं अन् संध्याकाळी हे झाली. दिवसभर वाकून वाकून पोरीच्या डोस्क्यालेच लागलं असंन काही."

हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. दरेकशाकडच्या जंगलात कुणी जडीबुटीवाला होता, त्याच्याकडे दोनदा गाडीनं नेऊन पोरीच्या गळ्यात मुळी बांधून आणली होती. स्वतः गुरुवार धरले होते. तो काळा दोरा नीलानं वर्षभर पाहिला होता. दोरा बांधून गणित येते का गं, असं भर वर्गात विचारलंही होतं, आणि पोरं पोट धरून हसली होती.

असं काही नसते बाई, म्हणून नीलानं तिची समजूत घातली आणि तिला वाटेला लावलं. निकालपत्रक पुढं ओढलं. नाव, वर्ग, जन्मतारीख. एक जून एकोणीसशे शहाण्णव.

एक जूनला कुठली आली रोवणी? एक जूनला शेताच्या बांधीत ढेकळं तापलेली असतात. धानाच्या रोपांचे पऱ्हे लागायलाही वेळ असतो, मग ते उपटून चिखलात लावणं तर जुलै-ऑगस्टची गोष्ट. तारीख विसरेल माणूस, पण आपण चिखलात उभी होतो की ढेकळात, हे बाळंत झालेली बाई विसरेल? नीलानं कपाटातलं दाखल-खारीज रजिस्टर काढलं. पान उघडलं. अक्षर तिचंच होतं. आणि मग कानफटात बसावी तसं तिला सगळं आठवलं.

दोन हजार दोनचा जून. पटावर एक पोर कमी पडत होतं. महिनाअखेर पट भरला नाही तर दुसऱ्या शिक्षकाचं पद जाणार, आणि दुसरी शिक्षक म्हणजे नीला स्वतः. बदली डोंगराकडच्या गावी होणार, अशी हवा होती. नवरा भैयालाल गोंदियात पोस्टात, अतुल जेमतेम तीन वर्षांचा. ती घरोघर हिंडली. सहा वर्षांचं एक पोर गावात उरलं नव्हतं. पटल्यांच्या अंगणात ही सोनिका मातीचं घर करत बसली होती. मुन्नीबाई तेव्हा म्हणालीही होती, लहान हाय जी अजून, या रोवणीत पाच भरंन. नीला म्हणाली, कान लागते का पाहू. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की पोर सहाचं झालं, ही शाळेची जुनी रीत. सोनिकाची बोटं कानाच्या वरच अडकली. तेव्हा मॅडमनं तिची मान जराशी कलती केली, हात धरून हळूच ओढला, आणि म्हणाली, लागला की! सगळे हसले. सोनिका सगळ्यांत जास्त हसली. निम्म्या गावाची पोरं एक जूनचीच होती, तशी हीही झाली.

आता यावर कुणी म्हणेल, तीन वर्षं बाईनं लपवून ठेवलं. लपवलं असतं तर बरं झालं असतं. लपवणाऱ्याला निदान आठवण तरी असते. नीला विसरून गेली होती! दरवर्षी रजिस्टर उघडायचं, त्यावरून वय काढायचं, सहा, सात, आठ. आणि मग पोरीकडे पाहून म्हणायचं, एवढी आठ वर्षांची घोडी, वजाबाकी येत नाही. आपलंच खोटं आपणच वाचून खरं मानत गेली. नऊ-नऊ वर्षांच्या पोरांत ही अजून आठही न भरलेली. अंगानं एवढीशी दिसते ते घरी नीट खात नसेल म्हणून, एवढाच मॅडमनं अर्थ काढला.

आणि मागच्याच जूनमध्ये अतुलला पहिलीत घालायचं भैयालालच्या मनात आलं, तेव्हा हीच नीला नवऱ्याशी भांडली होती. घाई कायले, पाचच तर भरले, कोवळा आहे, आणखी एक वर्ष केजीत राहू दे. शब्द न् शब्द तिला आठवला. खोलीत पेंगणाऱ्या गुरुजींशिवाय कुणी नव्हतं, तरी तिला मान वर करवेना. शरमेनं कानशिलं तापली.

गुरुजींना उठवून तिनं सांगितलं, तशी त्यांची झोप पार उडाली. जुनं उकरू नका म्हणाले. रजिस्टरात खाडाखोड निघाली तर माझी पेन्शन अन् तुमची नोकरी, दोन्ही गेलं समजा. अनियमित हजेरी असं कारण लिहा आणि बसवा तिसरीत, पोरीचंही भलं, आपलंही. वाट सोपी होती. पण त्या वाटेनं गेलं तर झामसिंग पोरीला घरी बसवणार आणि मुन्नीबाई जन्मभर आपल्या वाकण्याला दोष देणार. गप्प बसण्याचे भोग त्या दोघींच्या वाट्याला. तरीही नीला काही लगेच शूर झाली नाही, उगाच कशाला खोटं सांगा. संध्याकाळी पटल्यांकडे जाताना तिनं वाटेत एक वाक्य घोटून ठेवलं होतं, की पोरगी वयाच्या मानानं लहान वाटते. कुणी लिहिलं, कसं लिहिलं, ते त्यात कुठंच नव्हतं.

झामसिंग अंगणात दोर वळत होता. त्यानं खाट पुढं केली, मुन्नीबाईनं चहा आणला. नीलानं घोटलेलं वाक्य म्हटलं. झामसिंग सातवी शिकलेला माणूस. तो म्हणाला, "लहान कशी जी? शाळेच्या कागदावर नववं चालू हाय. कागद थोडीच खोटा राहील?"

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होता. त्याचा शाळेवर एवढा भरवसा होता, आणि त्यापुढं नीलाचं वाक्य टिकलं नाही.

"कागद खोटा आहे," ती म्हणाली. "मीच लिहिला. पटावर एक पोर कमी होतं, माझी बदली झाली असती. सोनिका ढ नाही. मी तिला वर्षभर आधी बसवलं, अन् मग मीच विसरली."

 दोघं आता शिव्या देतील, असं नीलाला वाटलं. दिल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं. मुन्नीबाई भिंतीला टेकून खालीच बसली.

"मंग माह्या रोवणीनं नाही झालं ना?"

"नाही."

"नक्की ना जी?"

"नक्की."

मुन्नीबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि रडली. झामसिंगनं तिच्याकडे पाहिलं. बायको इतकी वर्षं रोवणीला दोष देत होती, हे तोही पहिल्यांदाच ऐकत होता. त्यानं दोर बाजूला ठेवला.

"पोरगी रोवणीतली हाय, हे आमाले मालूम होतं," तो म्हणाला. "पण मॅडमनं लिवलं म्हणजे तेच बरोबर असंन, असं वाटलं. तुमाले तर सारं मालूम होतं. मंग मारलं काऊन?"

सगळेच मारतात, शिस्तीसाठी मारावं लागतं, असं बरंच काही शिक्षकांना तोंडपाठ असतं.  विसरली होती, एवढंच नीला पुन्हा म्हणाली, आणि ते किती हलकट वाटतं ते तिलाच ऐकू आलं.

झामसिंगनं मग निवाडाच केला. पोरगी घरी बसणार नाही. तिसरीत पुन्हा बसेल, पण मॅडमच्या हाताखाली नाही. पुढल्या साली तिसरी गुरुजींकडे द्या, तुम्ही दुसरं कोणतंही घ्या. नीलानं मान हलवली. आणि पोट्टीले तुमीच सांगा, तो म्हणाला, आमच्या तोंडून नको.

शेजारच्या अंगणातून सोनिकाला हाक मारली. ती उड्या मारतच आली, मॅडमला पाहिलं आणि जागच्या जागी थिजली. हात पाठीमागं गेले. नीला सांगू लागली की तू ढ नाहीस, तू लहान होतीस, चूक माझी झाली, आता तू पुन्हा एकदा तिसरीत बसशील आणि तुला सगळं येईल. पोरगी ऐकत होती की नाही कोण जाणे. तिची नजर मॅडमच्या हातांवर होती.

"तिसरीले तुमीच?" तिनं विचारलं.

"नाही. गुरुजी."

सोनिकानं बापाकडे पाहिलं. बापानं मान डोलावली. आणि त्या पोरीला असं हसू फुटलं की काही विचारू नका. शाळेत आल्यापासून मॅडमसमोर ती अशी कधी हसली नव्हती. लपवायचं असतं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि आई-बापांनीही तिला दटावलं नाही. ती वळली आणि अंगणाबाहेर पळत सुटली.

"मी नापास झाली!" ती रस्त्यानं साऱ्यांना ओरडून सांगत होती. "मले गुरुजी हायेत आता!"

चहा तसाच होता. नीलानं तो खाली मान घालून संपवला.