खापऱ्यांच्या ब्लॉगची दहा वर्षं

अडेगोकेच्या ब्लॉगला त्या शनिवारी दहा वर्षं होणार होती. ब्लॉग कशाचा, तर इफे शहरातल्या जुन्या फरसबंदीचा. शेकडो वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या उभ्या रोवून अंगणं घडवली. जिथे म्हणून तशी ओळ दिसेल तिथे उकिडवं बसून ती मोजायची आणि तिच्यावर लिहायचं, हा या निवृत्त भूगोलमास्तराचा छंद. गल्लीत सगळे त्याला प्रोफ म्हणत, पण त्याचं लिखाण वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. वाचक सदतीस. त्यातला एक फिनलंडचा, दोन ब्राझीलचे. इफेतला कुणी वाचतो असं काही त्याच्या कानावर आलं नव्हतं. हे त्याला फार लागायचं, पण तो बोलून दाखवत नसे.

दहा वर्षांनिमित्त एक लेख लिहायचा, एवढाच त्याचा बेत होता. थोरली बहीण मोरेनिके हिने ते ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"नुसता लेख? अरे, दहा वर्षं तुरुंगात काढून आलेल्यालाही लोक जेवण घालतात."

मग काय विचारता. सगळ्यांसाठी एकच निळं कापड ठरलं आणि साठ नातेवाइकांनी ते शिवायला टाकलं. मंडपवाला झाला, जोलोफ भाताची ऑर्डर गेली. पाहुण्यांना वाटायच्या प्लास्टिकच्या टोपल्यांवर अडेगोकेचा फोटोही छापून आला. ब्लॉगचं नाव छापायचं तेवढं राहिलं.

बुधवारी ताईने त्याला टोपी आणायला इबादानला पिटाळलं. गुरुवारी दुपारी तो परत येतो, तर अंगणभर गुळगुळीत सिमेंट.

याच अंगणात, पाण्याच्या पिंपाशेजारी, हातभर जुनी फरसबंदी उघडी पडली होती. पहिला लेख त्याने तिच्यावरच लिहिला होता.

"ताई, खापऱ्या कुठायत?"

"समारंभाचे अध्यक्ष येणार, मोठी माणसं येणार. त्यांनी काय फुटक्या मडक्यांवर खुर्च्या टाकायच्या? तुझ्यासाठी केलं सगळं, गुपचूप. पण तो गवंडी महाहट्टी. पिंपाजवळ भोक ठेवलंय मेल्याने. उद्या बुजवून घेते."

अडेगोके जवळजवळ धावतच गेला. पिंपाशेजारी कडा नीट घोटलेला चौकोन होता आणि आत सगळ्या खापऱ्या जिथल्या तिथे होत्या. सिकिरू गवंडी शेजारी थापी धूत बसला होता.

"हे का सोडलंस रे?"

"पहिल्या लेखातली ना ही? फोटोवरून ओळखली. जेवणाच्या सुट्टीत वाचतो मी तुमचं, प्रोफ. तीन वर्षं झाली."

अडेगोके तिथेच उकिडवा बसला.

"रागावणार नसाल तर एक सांगू? खापऱ्या ठोकून बसवल्या असं तुम्ही सारखं लिहिता. ते चुकतंय. ठोकली की खापरी फुटते. आधी जमीन भिजवली असणार, मग हाताने दाबल्या असणार."

"पुरावा काय?"

"हे हात. वीस वर्षं फरशा बसवतोय."

"हात म्हणजे काय पुरावा झाला? लाकडी मोगरीने हलकेच ठोकल्या असतील."

"तुम्ही बसवून बघा एक. मग लिहा."

आवाज चढले तशी मोरेनिके बाहेर आली. "कार्य तोंडावर आलंय, आणि तुम्ही दोघं भांडताय कशाला?"

अडेगोकेने बाहीने डोळे पुसले. कित्येक वर्षांत त्याला इतका आनंद झाला नव्हता.

"ताई, दहा वर्षांत आज पहिल्यांदा कुणीतरी माझी चूक काढली," तो म्हणाला. "शनिवारी याला माझ्या शेजारी बसव. आमचं अजून संपलेलं नाही."