निवल्यावरचं माप

"धार नको मावशी, थेंब पाहिजे. चमचा तिरपा केला की सावकाश ओघळला पाहिजे. पातळ पाणी घाईचं असतं. काकांचा घसा मिटायच्या आत ते फुप्फुसात शिरतं."

वसमतच्या दवाखान्यातल्या ज्योती सिस्टरचं हे बोलणं सत्यभामाबाईंना गॅसपाशी उभं राहिलं की रोज आठवे. नवऱ्याला, नामाजींना, अर्धांगवायूचा झटका येऊन दीड महिना झाला होता. साधं पाणीसुद्धा घट्ट करून पाजावं लागे. आज एकादशी, म्हणून तांदळाच्या पिठाऐवजी त्यांनी साबुदाण्याच्या पिठाची खळ शिजवली आणि विठ्ठलाचं नाव घेत वाटी बाजेपाशी नेली.

कालपासून नामाजींनी तोंड मिटून घेतलं होतं. आज काही पोटात गेलं नाही, तर नाकातून नळी घालायला पुन्हा दवाखाना गाठावा लागणार होता.

"घ्या ना हो."

"हे पाणी हाय व्हय?" नामाजी जड जिभेनं म्हणाले. "तू तर तांब्यानं पिऊन राहिली."

"तुमी घ्या, मीबी आजपासून हेच पिईन. तुमचा घसा सुधरंपर्यंत. देवासमोर बोलून राहिले."

"लई शहाणी!" त्यांनी तोंड फिरवलं.

"बरं, नका पिऊ. बराबर झालं का तेवढं तर सांगा. कुरुंदा गावच्या समद्या पाण्याच्या इंजिनांचं ऑइल चाळीस वर्षं तुमीच पारखलं ना?"

नामाजींनी चांगला हात पुढे केला. बाईंनी बोटावर थेंब टाकला. नामाजींनी अंगठा नि बोट एकमेकांवर चोळून हलकेच दूर केली.

"गरम हाय. गरमात ऑइल पातळच दिसतं. निवलं की गच्च बसंल. पाणी घाल अजून."

"अगं बाई! मंग इतके दिवस काहून सांगितलं न्हाई? मी गिलावाच पाजून राहिले की!"

"तू इचारलं कव्हा?"

बाई हसल्या. पाणी घालून खळ पुन्हा शिजवली, पदरानं वारा घालून निववली. नामाजींनी पुन्हा बोटानं पारखली आणि मान हलवली. पहिला चमचा. बाईंची नजर त्यांच्या गळ्यावर. घाटी वर गेली, खाली आली. ठसका नाही. दुसरा. तिसरा. वाटी रिकामी झाली, आणि थोड्या वेळानं उशांना टेकून बसल्याबसल्याच त्यांचा डोळा लागला.

सकाळपासून बाईंच्याही घशाला कोरड पडली होती. स्वयंपाकघरात येऊन त्यांनी माठातून तांब्या भरला. बघायला कुणी नव्हतं. भरलेला तांब्या त्यांनी पातेल्यात ओतला, त्यात चमचाभर पीठ कालवलं आणि गॅस पेटवला.