एकशे एकोणसत्तर चौकोन

पत्त्यांतलं मला सगळं कळतं असा माझा समज आहे, आणि घरच्यांनी तो वेळीच उतरवला नाही ही त्यांची चूक. मी लिफ्ट दुरुस्त करतो. शाळेत कधी वाचलं नसेल इतकं मी मशीनच्या खोलीत बसून पोकरबद्दल वाचलंय.

बहिणीला, आमच्या धाकटीला, हा खेळ शिकवायची वेळ आली ती तिच्या मुलीपायी. मुलगी दहा वर्षांची, बापाकडे राहते, आणि बाप राहतो विमानानेच जावं लागेल इतक्या लांबच्या शहरात. कोर्टाने धाकटीला वर्षातून एकदा, ठरवून दिलेल्या चार दिवसांत भेटायची परवानगी दिली होती. लागोपाठ दोन वर्षं तिला जाता आलं नव्हतं. तिसऱ्यांदा चुकलं तर परवानगी रद्द, असं वकिलाने स्वच्छ सांगितलं होतं. प्रवासखर्च आम्हा दोघांच्या आवाक्याबाहेरचा. ज्यांचे उंबरठे झिजवायचे ते झिजवून झाले होते.

अशात पत्त्यांच्या क्लबच्या दारावर मी कागद वाचला. त्याच शहरात, भेटीच्याच आठवड्यात पोकरची मोठी स्पर्धा होती आणि तिच्यासाठी आमच्याकडे महिन्याभराने एका रविवारी चाचणी. साठ खेळाडू. शेवटी उरतील त्या सातांना विमानाचं तिकीट आणि हॉटेलची खोली. पहिला आला काय नि सातवा आला काय, बक्षीस तेच. तिकीट मात्र जिंकणाऱ्याच्याच नावावर, म्हणजे मी खेळून काही उपयोग नव्हता.

"तिथे पोचलीस की पहिल्याच डावात हर आणि पोरीकडे पळ," मी म्हटलं. धाकटी हसली. कितीतरी महिन्यांनी हसली.

ती हॉटेलच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत इस्त्री करते. मी तिच्या टेबलावर कागद पसरला. तेरा उभ्या ओळी, तेरा आडव्या, एकशे एकोणसत्तर चौकोन. प्रत्येकाला स्वतःचे दोनच पत्ते मिळतात, बाकीचे पाच टेबलावर सगळ्यांचे. तेव्हा हातात येणाऱ्या दोन पत्त्यांच्या जेवढ्या तऱ्हेच्या जोड्या होऊ शकतात, तेवढे हे चौकोन. हिरव्या चौकोनातली जोडी आली तर खेळायचं, नाहीतर निमूट टाकायचं. हिरवे तीसच होते.

जेवणाच्या सुट्टीत मी दोन पत्ते नाचवायचो आणि ती इस्त्री न थांबवता सांगायची. सत्ती-दुर्री? "टाक." राजा-राणी? "खेळ." तीन आठवड्यांत तिचा कागद तोंडपाठ झाला. एवढं माझं आजवर कोणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे मी जरा चढलोच होतो.

"दोन एक्के असले तरी कधी टाकायचे असतात का रे दादा?" तिने एकदा विचारलं.

"डोकं फिरलंय का तुझं? दोन एक्के म्हणजे डोळे मिटून खेळायचं."

रविवारी सकाळी दहाला खेळ सुरू झाला. मी दोरीच्या पलीकडे प्रेक्षकांत. बाहेरून खूण केली तर खेळाडू बाद, असा नियम होता आणि पंचाने मला नुसत्या उसाशाबद्दल एकदा झापलं होतं. धाकटी टाकत होती, टाकत होती, मध्येच एखादा डाव खेळून चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, ओढून घेत होती. चार वाजता आठ जण उरले. तिच्यापुढे चिप्सचा बरा ढीग होता. शेजारच्या चष्मेवाल्या म्हाताऱ्याकडे उरली होती एक चिप. पुढच्या डावात सक्तीची बोली भरायची पाळी त्याची होती, तीत ती चिप जाणार होती. तो जवळपास बाहेरच होता. धाकटीने दोन-तीन डाव हात बांधून बसायचं, की तिकीट तिचं.

तेवढ्यात सगळ्यात मोठा ढीग असलेल्या टोपीवाल्याने आपला सगळा ढीग पुढे सरकवला. धाकटीने पत्त्यांची कोपरं उचलली आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिला नाटक कधीच जमलं नाही. दोन एक्के होते.

तिकिटं सारखी असली आणि एकच माणूस बाहेर पडायचा बाकी असला, की कागद गुंडाळून ठेवायचा, एक्केसुद्धा टाकायचे. हे मला माहीत होतं. तिला सांगितलं नव्हतं. उगाच गोंधळेल म्हणून, असं मी स्वतःला समजावत आलो होतो. खोटं. ती तिथवर पोचेल असं मला एक दिवसही वाटलं नव्हतं.

मान हलवली तर ती बाद. नाही हलवली तर ती खेळणार. मी खांबासारखा उभा राहिलो. पत्त्यांवर हात ठेवून तिने म्हाताऱ्याच्या चिपकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं, आणि सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या.

टोपीवाल्याकडे बदामाची अठ्ठी आणि नव्वी. टेबलावर आधीच्या चार पत्त्यांत सत्ती आणि दश्शी पडली होती. शेवटचा पत्ता आला, छक्की. त्याचे पाच पत्ते ओळीने लागले, त्यापुढे दोन एक्के हरतात. धाकटी आठवी, बाहेर. म्हाताऱ्याने चष्मा काढून डोळे पुसले. एका चिपवर त्याला तिकीट मिळालं होतं.

धाकटी जिन्यात येऊन पायरीवर बसली. "बरोबर खेळले ना मी?"

हो म्हणून टाकावं असं फार वाटलं. "टाकायचे होते," मी म्हटलं. "तिथे एक्केसुद्धा टाकायचे असतात. मी सांगायला हवं होतं."

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "त्या म्हाताऱ्या बाबांकडे एकच चिप राहिली होती. म्हटलं, गप्प बसावं. पण म्हटलं, दादाला जास्त कळतं."

मला रडूही येईना. तिच्या पर्समध्ये फोन वाजला. तिने मुलीचं नाव पाहिलं आणि फोन माझ्या हातात दिला. मी हॅलो म्हटलं.

"मामा, आई कशी खेळली?"

"खूप छान खेळली," मी म्हटलं. "माझ्यापेक्षा छान."

"म्हणजे येतेय ना?"