सई थोरल्याकडे, पोर धाकट्याकडे

मधुवंतीला मोडी वाचता येते हे तिच्या सासरी सगळ्यांना ठाऊक होतं, पण एक हौस म्हणून. लग्नाआधी पुण्यात एका उन्हाळ्यात तिने मोडीचा वर्ग केला होता. मग शैलेंद्रबरोबर सिंगापूरला आली, बुओना व्हिस्टाच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली, धवलला वाढवलं, तो शिकायला ऑस्ट्रेलियाला गेला, आणि मोडी कुठल्या कुठे मागे पडली. ती पुन्हा वर आली २०१६ साली, सासूबाईंच्या बॅगेतून.

सासरे जाऊन दोन वर्षं झाली होती. सरोजिनीबाई पुण्यातल्या फ्लॅटमध्ये एकट्या राहत होत्या आणि त्यांच्याकडे बघायला कुणीतरी हवं म्हणून शैलेंद्रने पुण्यातली नोकरी धरली होती. सिंगापूरचं घर आता महिन्याभरात मोडायचं होतं. मोडण्याआधी एकदा दोन्ही मुलांची घरं बघून जा, असं म्हणून त्याने आईला बोलावून घेतलं. येताना त्यांनी साड्यांच्या घडीत जपून एक कागद आणला. गावच्या चुलत दिरांना तो कपाट आवरताना सापडला होता. मधल्या घड्या विरलेल्या, शाई तपकिरी पडलेली.

"तुला येतं ना वाचता? मग वाच," त्या म्हणाल्या. "आपल्याच कुणाचा तरी आहे म्हणे."

कागद आपल्याच कुणाचा तरी होता खरा. शके १६९४, नंदननाम संवत्सर. जानोजी बिन येमाजी या कुणब्याने मरणाआधी आपल्या दोन लेकांना लिहून दिलेलं वाटणीपत्र, म्हणजे आजच्या भाषेत मृत्युपत्रच. 'आपले शरीर जर्जर जालें, उभयतां लेकांत पुढें कटकट न व्हावी, यास्तव घरचें चीजवस्तेचे वांटे करून दिल्हे.' एवढं एक वाक्य लावायला मधुवंतीला अख्खी संध्याकाळ लागली, पण ते लागलं तेव्हा तिला इतका आनंद झाला की खोकी भरायची सोडून ती ते वाक्य घरभर म्हणत फिरली.

इकडे तिच्या स्वतःच्या चीजवस्तेचेही वाटे चालले होते. धाकटा दीर सौमित्र, त्याची बायको अश्लेषा आणि पाच वर्षांची गार्गी सिंगापूरमध्येच बेडोकला राहत. पुण्याला न्यायच्या नसलेल्या वस्तू त्यांच्याकडे जायच्या, हे कुणी न ठरवताच ठरलं होतं. सोफा, कपडे धुण्याचं यंत्र, धवलची सायकल. आणि सुमी.

सुमी म्हणजे सुमियाती, जावा बेटावरच्या एका गावची. धवल शाळेत होता तेव्हापासून, म्हणजे आठ वर्षं, ती त्यांच्याकडे राहून घरकाम करत होती. वरण-भात, थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी, सगळं तिला येई, आणि मधुवंतीचा आवाज चढला की तो कशामुळे चढला हेही तिला कळे. अश्लेषाला नोकरीवर परत जायचं होतं. फोनवर ती म्हणाली होती, "मधुताई, सुमीला आम्हीच घेतो. नवी बाई शोधायची, तिला शिकवायचं, नको गं बाई." मधुवंती तेव्हा काचेचे पेले वर्तमानपत्रात गुंडाळत होती. तिने फोन खांद्याने धरून म्हटलं होतं, "घे की. मलाही बरं, घरातल्या घरात राहील." आणि पुढचा पेला उचलला होता.

कामाचा पास दुसऱ्या घराच्या नावावर करायचा तर सुमीची संमती लागते. ती काय, देईलच, असं सगळ्यांनी धरलं होतं.

कागद पुढे सरकत होता. रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी मधुवंती चार ओळी लावी. थोरला खंडोजी याने गावातच राहून वडिलोपार्जित जमीन कसावी. धाकटा सुभानजी याने आठ कोसांवरच्या कडजाई गावी नव्याने मिळालेली जमीन करावी. थोरल्याला दोन बैल, नांगर, मोट, तांब्याचा मोठा हंडा. धाकट्याला दोन बैल, पेरणीची पाभर, लहान हंडा, परात. जातं थोरल्याला म्हणून उखळ धाकट्याला. म्हाताऱ्याचा हात मोठा समतोल होता. कुणाला राग यायला जागा म्हणून ठेवली नव्हती त्याने.

पुढची ओळ तिने तीनदा लावून पाहिली. अक्षर कळत नव्हतं म्हणून नव्हे.

'कुणबीण नामें सई थोरल्याचे वाटणीस. तिची पोर नामें रखमी धाकट्याचे वाटणीस.'

त्याखाली पुन्हा परात, समई, दोन घोंगड्या.

त्या काळी राबायला विकत घेतलेली बाई घरात असे, तिला कुणबीण म्हणत, हे मधुवंतीला वर्गात कधीतरी सांगितलं होतं. तेव्हा तिने ते वहीत लिहूनही घेतलं असेल. पण आत्ता हंडा आणि समई यांच्या मधोमध ती दोन नावं पाहून तिला बसवेना. ती उठली. खिडकी उघडली, परत लावली. सुमी दारात उभी राहून विचारत होती की डब्यात आज पोळी देऊ का भात. मधुवंती डबा न घेताच बूट घालून बाहेर पडली. त्या दिवशी एमआरटीत बसली ती आपलं स्टेशन मागे टाकून पार पुढे गेली; उतरली, उलट्या गाडीत बसली, आणि प्रयोगशाळेत पोचल्यावरही दर थोड्या वेळाने उठून व्हरांड्यात येरझारा घालत राहिली.

शैलेंद्रला तिने ओळ वाचून दाखवली तेव्हा त्याने मान हलवली. वाईटच, पण तो काळच तसा होता, आपण काय करणार, असं त्याचं म्हणणं. रविवारी सगळ्यांसमोर वाचशील तेव्हा ती ओळ गाळ, आईला उगाच त्रास नको, असंही त्याने सुचवलं. मधुवंती हो म्हणाली. तिला खरंच वाटत होतं की ती गाळेल.

रविवारी सुमीची सुट्टी होती, त्यामुळे ती घरी नव्हती. बेडोकची मंडळी जेवायला आली. दोघे भाऊ त्याआधी पहाटेच पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला जाऊन आले होते, लहानपणीसारखे एकमेकांना ढकलत, उन्हाने लाल होऊन. जेवणं झाल्यावर मधुवंतीने कागद काढला. बैल, नांगर, हंडा, परात. सौमित्रने मध्येच विनोद केला की धाकट्याला नेहमी लहानच हंडा. सगळे हसले. मधुवंती त्या ओळीपाशी आली आणि थांबली. पुढच्या ओळीवर उडी मारायला तिने तोंड उघडलं, पण बोट त्याच ओळीवर राहिलं.

"का थांबलीस? लागत नाही का?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"लागतं, आई," ती म्हणाली, आणि ओळ जशी होती तशी वाचली.

शैलेंद्रने तिच्याकडे रोखून पाहिलं. अश्लेषाने कुणबीण म्हणजे काय ते विचारलं आणि सौमित्रने हळू आवाजात सांगितलं. सरोजिनीबाईंनी विचारलं, "पोर केवढी होती?"

"ते लिहिलेलं नाही."

"आणि धाकट्याचं गाव आठ कोस लांब, नाही का?"

"हो."

"म्हणजे बाजाराच्या दिवशीसुद्धा भेट नाही," त्या म्हणाल्या, आणि ओट्याकडे जाऊन उगाचच स्वच्छ भांडी पुन्हा विसळू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमी बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. मधुवंती तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली, एक टॉवेल उचलला, पिळला, पुन्हा बादलीत टाकला. शेवटी एका दमात विचारून टाकलं: बेडोकला जायचं तुझ्या मनात आहे का?

सुमीने पहिल्यांदा मॅडम म्हणतील ती पूर्व दिशा अशा सुरात मान डोलावली. मधुवंतीने पुन्हा विचारलं. मला काय हवंय ते सोड, तुला काय हवंय? सुमीच्या हातातला चिमटा तसाच राहिला. मग ती बोलायला लागली, आपल्या मोडक्या इंग्रजीत, आणि मधुवंतीला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी सरळ. तिला घरी जायचं होतं. मुलगा आजीजवळ वाढत होता; आता त्याचा आवाज फुटला होता आणि फोनवर तो आईशी दोन शब्दांपलीकडे बोलत नव्हता. वर्षभर घरी राहायचं, आणि मग हाँगकाँगला मावसबहीण आहे, तिच्याकडे बघू. हे तिने आधीच ठरवलं होतं. पण अश्लेषा मॅडमनी गेल्याच महिन्यात तिला तिची खोली दाखवली होती, नवी चादरही घेतली होती. मग बोलायचं कसं?

"तू मला का नाही सांगितलंस?" मधुवंतीने विचारलं.

"मॅडमने विचारलं नाही," सुमी म्हणाली. तक्रार म्हणून नाही. कपडे वाळले का असं विचारल्यावर उत्तर द्यावं तसं.

त्याच दिवशी दुपारी मधुवंतीने अश्लेषाला फोन करून सुमी येणार नाही, गावी जाणार आहे, हे सांगितलं. अश्लेषा म्हणाली की नोकरीवर रुजू व्हायची तारीख कळवून झाली आहे, गार्गीला सुमीचा लळा आहे, आणि अडीचशे वर्षांपूर्वीच्या कुणा बाईवरून आज आपल्या घराची घडी विस्कटायची हे तिला समजत नाही. "आम्ही काय तिला राबवून घेणार होतो का? तुझ्यापेक्षा जास्त जपलं असतं मी तिला." ते खरं होतं. अश्लेषा खरोखरच जास्त मायाळू होती.

"चुकलं माझंच," मधुवंती म्हणाली. "तू मागितलंस तेव्हा तिला विचारून सांगते असं म्हणायला हवं होतं. मी घे म्हणाले."

"हो, म्हणालीस," अश्लेषा म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढचे काही दिवस मधुवंती नुसती सैरभैर होती. भरलेली खोकी उघडून पुन्हा भरत होती. शैलेंद्र तिच्यावर चिडला होता, पण ओरडत नव्हता, आणि त्याचाच जास्त त्रास होत होता. अशातच शनिवारी सौमित्र एकटाच आला. भावाभावांनी यावर तोडगा काढला होता. आईने कुणाकडे कधी राहायचं याचं अर्धं बोलणं उबीनहून परतताना बोटीत झालंच होतं, आता त्याला घाई आली होती. आईने सध्या बेडोकला राहावं, गार्गीला सांभाळायला. सहा महिन्यांनी पुण्याला शैलेंद्रकडे. मग पुन्हा सहा महिने इकडे. दोघांनाही आई मिळेल, आईलाही बदल. सौमित्र हे मोठ्या उत्साहाने सांगत होता. सरोजिनीबाई त्याच खोलीत कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. कुणीही त्यांच्याकडे पाहत नव्हतं.

"आईंना विचारा," मधुवंती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

दोघे भाऊ वळले. सौमित्र ओशाळून म्हणाला, "म्हणजे आई, तुझी हरकत नाही ना?"

"आहे," सरोजिनीबाई म्हणाल्या.

कोथिंबिरीची जुडी त्यांनी बाजूला ठेवली. गार्गीसाठी एक महिना राहीन, त्या म्हणाल्या, तेवढ्यात तुम्ही दुसरी सोय करा. आणि मग शैलेंद्रकडे न बघता मधुवंतीकडे बघून म्हणाल्या, "आता विचारलंच आहेस म्हणून सांगते. पुण्यात तुम्ही माझ्याकडे राहायला येऊ नका. जवळपास घर बघा. हे गेल्यावर पहिले सहा महिने भिंती खायला उठायच्या. पण आता मला सवय झालीय. रेडिओ मला हवा तेव्हा लावते, जेवावंसं वाटलं नाही तर नाही जेवत. माझं घर मला एकटीला हवंय."

शैलेंद्र आईकडे बघतच राहिला. तिच्यासाठी त्याने इथली नोकरी सोडली होती, घर मोडायला काढलं होतं. त्याने तसं म्हटलंही. सरोजिनीबाई मऊपणे म्हणाल्या, "ते मी तुला सांगितलं होतं का रे?"

मधुवंतीला हसू यावं की रडू, कळेना. गेले चार महिने ती मनातल्या मनात सासूबाईंच्या फ्लॅटचे पडदे बदलत होती, स्वयंपाकघरातली फळी हलवत होती, त्यांची औषधं कुठे ठेवायची ते ठरवत होती. यातलं त्यांना कधी विचारलं नव्हतं. ती तिथून उठली आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने खाली उतरली. तरणतलावाभोवती वेड्यासारखी फिरत राहिली, कपाळावरचा घाम पुसायचंही तिला सुचलं नाही.

सुमीचं विमान त्यांच्या आठवडाभर आधी होतं. मधुवंती तिला चांगी विमानतळावर पोचवायला एकटीच गेली. टॅक्सीत सुमी खूप बोलली: गावात मोबाईलला रेंज कुठे येते, मुलाला काय आवडतं, पहिल्या दिवशी काय शिजवणार. मधुवंतीने काही बोलायचं ठरवून ठेवलं होतं. आठ वर्षांचं काहीतरी. ते तिने टॅक्सीत बोलायचं पुढे ढकललं, काउंटरपाशी पुढे ढकललं, आणि मग आत जायची वेळ झाली.

सुमीने तिला दोन्ही हातांनी धरलं, पुण्याला पोचलात की फोन करा म्हणाली, आणि बॅग ओढत आत गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही. मधुवंती काचेपलीकडे बघत उभी होती. सुमीचा डोक्याला बांधलेला हिरवा रुमाल रांगेत दिसत होता, तिच्या पुढच्या बाईशी ती हसून काहीतरी बोलत होती. मग रांग पुढे सरकली आणि तो रुमाल दिसेनासा झाला.

मधुवंतीने एक कॉफी घेतली. बाकावर बसली. उठली, दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. फोन काढून अश्लेषाचा नंबर लावला. तिकडे रिंग वाजत राहिली, आणि अश्लेषा उचलेपर्यंत फोन ठेवायचा नाही असं ठरवून मधुवंती तो कानाला धरून चालू लागली.