अकरावा बोर्ड

रंगनाथने शाईवरून स्क्वीजीची रबरी पट्टी ओढली, जाळीची फ्रेम डाव्या हाताने वर उचलली आणि म्हणाला, "घे."

कुणी घेतलं नाही. हात भरून आला, फ्रेम घसरली आणि तांब्याच्या बोर्डावरच्या ओल्या शाईवर पुन्हा टेकली. शेजारशेजारच्या दोन रेघा एक झाल्या.

"कुनाला देताय, काका?" शेजारच्या टेबलावरून श्रीरामपूरचा छगन म्हणाला. "हितं पत्रिका घ्यायला वऱ्हाडी कोन न्हाई."

सगळे हसले. रंगनाथही हसला. आपण हसण्यात मागे राहिलो की लोक दुप्पट हसतात, एवढा हिशेब त्याला कळत होता.

केडगावच्या या शेडमध्ये रेडिओचे बोर्ड छापायचं पंधरा दिवसांचं प्रशिक्षण चाललं होतं. शाईखालचं तांबं टिकायचं, उघडं रसायनात विरघळायचं. उरलेल्या रेघांतून वीज धावायची. बाकीचे जाळी धरण्यापासून शिकले. रंगनाथने कोल्हारला बावीस वर्षं अशाच जाळीवर लग्नपत्रिका छापल्या होत्या. पण तिथे कामाला चार हात असत. तो "घे" म्हणे आणि त्याची बायको पुष्पावती ओली पत्रिका ओढून वाळायला दोरीला लावी. बावीस वर्षांत त्याला नजर वर करावी लागली नव्हती. पुष्पावतीला जाऊन दोन वर्षं झाली, पत्रिका ऑफसेटवाल्यांनी नेल्या, आणि "घे" तेवढं जिभेवर उरलं.

शिकवणाऱ्या दीपा मॅडमनी खराब बोर्ड उजेडात धरला.

"काका, पत्रिकेवर शाई फरकटली तरी लग्न लागतं. इथं दोन रेघा चिकटल्या की रेडिओ मुका. उद्या परीक्षा. दहाच्या दहा स्वच्छ आले, तरच कामावर घेता येईल."

"व्हय, मॅडम."

सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्याने एका विटेला सुतळी बांधली, छताच्या पाइपावरून घेतली आणि दुसरं टोक फ्रेमला अडकवलं. आता फ्रेम उचलली की वीट खाली येई आणि फ्रेम वरच थांबे. दोन्ही हात मोकळे.

"च्यायला," छगन म्हणाला, "काकांनी बिनपगारी मानूस ठेवला."

दुपारी दीपा मॅडमनी रेघन्‌रेघ तपासली.

"दहाच्या दहा! सोमवारपासून या. आणि वीट काढू नका, सगळ्यांना शिकवायचीय."

रंगनाथने मान हलवली. स्क्वीजी पुसता पुसता त्याचा हात थांबला. दहा बोर्ड झाले. एकदाही आपण "घे" म्हटलं नाही. पुष्पावतीची आठवणसुद्धा झाली नाही.

जेवायच्या सुट्टीत शेड रिकामी झाली. त्याने सुतळी सोडली, वीट जमिनीवर ठेवली, अकरावा बोर्ड लावला. स्क्वीजी ओढली. फ्रेम डाव्या हाताने वर धरली.

"घे," तो हळूच म्हणाला, आणि हात भरून येईपर्यंत थांबला.

दीपा मॅडम डबा धुऊन परतल्या तेव्हा वीट पुन्हा जागेवर लटकत होती.

"हा एक बिघडला की, काका. टाकून द्या."

"ऱ्हाऊ द्या, मॅडम." त्याने ओला बोर्ड कडेने, दोन बोटांत उचलला आणि शेडमधल्या वाळवायच्या दोरीला चिमट्याने लावला. "ह्यो घरी न्यायचा हाय."